पेंटरच्या पडद्यावरचा बर्फ

पेंटरनं जन्मात खरा बर्फ पाहिला नव्हता. फ्रीजमधला पाहिला होता, आणि तोही स्वतःच्या नव्हे, मेहुण्याच्या. तरीसुद्धा शहरातल्या कितीतरी संसारांची सुरुवात त्याच्या बर्फापुढे झाली होती. लग्न झालं की जोडपी नटूनथटून मेहुण्याच्या फोटो स्टुडिओत यायची. तिथं भिंतभर पडदा टांगलेला असायचा. दोन काळपट डोंगर, वर निळं आभाळ, आणि डोंगरांच्या मधून थेट स्टुडिओच्या फरशीपर्यंत उतरलेला पांढराशुभ्र बर्फ. नवरा घामानं डबडबलेला, नवरी पंख्याकडे डोळे लावून बसलेली, आणि मागे हा गारठा! फोटो मात्र असा यायचा की बघणाऱ्यानं स्वेटर शोधावा.

हा पडदा पेंटरनं भर तारुण्यात रंगवला, आणि त्यामागे बायकोचा रुसवा होता. लग्न ठरलं तेव्हा, म्हणजे माणूस वाट्टेल ते बोलतो त्या दिवसांत, त्यानं तिला सांगून टाकलं होतं, "तुला बर्फ दाखवायला नेईन." तिनं ते खरं धरलं. नुसतं धरलं नाही, तर लाल लोकरीचा लांब कोट शिवून घेऊन ती तयार बसली. कोट आला, बर्फ काही येईना. आधी सासूचं आजारपण, मग लेक झाली, मग लेकीची शाळा, मग घराचं गळकं छप्पर. कोट डांबराच्या गोळ्यांसकट पेटीत गेला आणि बायकोनं अबोला धरला.

त्याच सुमाराला मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाला, स्टुडिओसाठी पडदा हवा होता. पेंटरनं म्हटलं, चला, एका दगडात... जाऊ दे, बायको आणि मेहुणा दोघांनाही खूश करू. डोंगर त्यानं एका जुन्या कॅलेंडरवरून उचलले. पण बर्फाचा पोत काही हाताला लागेना. मग तो मेहुण्याच्या स्वयंपाकघरात गेला, फ्रीजचं दार सताड उघडलं, आणि वरच्या कप्प्यात डोकं घालून जो उभा राहिला तो दूध नासेपर्यंत. शेवटी मेहुण्याच्या बायकोनं त्याला लाटणं दाखवून बाहेर काढलं. बर्फाच्या भेगांत एक वेगळीच निळसर झाक असते, ती कुठल्याच डब्यातल्या रंगात मिळेना. तेव्हा अबोला तेवढ्यापुरता बाजूला ठेवून बायकोनं कपड्यांची नीळ आणून समोर आदळली. ती चपखल बसली. आणि अगदी खाली, बर्फाच्या पायथ्याशी, पेंटरनं बोटाएवढी दोन माणसं काढली. एक काळ्या डगल्यातलं, एक लाल कोटातलं.

"घे," तो म्हणाला, "नेलं तुला."

बायको पडद्याशी वाकली, डोळे बारीक करून बघितलं, आणि हसली. "मेलं नाक तरी काढायचं," म्हणाली. पण अबोला सुटला.

आता स्टुडिओतल्या पडद्याचं आयुष्य काय असतं तेवढं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. पडद्याचा खालचा भाग फरशीवर पसरलेला असतो आणि गिऱ्हाईक त्यावर बूट-चपला घालून उभं राहतं. पोरं त्यावर नाचतात. तेल चोपडलेली डोकी मागे टेकतात. निळ्या आभाळाला त्याचं काही नाही, पण पांढऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. शिवाय पांढऱ्यावर पांढरं ठिगळ लागत नाही. जुना पांढरा पिवळटलेला असतो, नवा त्यावर दिला की सरळ दिसतं की इथं थापलंय. म्हणून दरवर्षी धंद्याचे मंदीचे दिवस आले की पेंटर पडदा उतरवायचा, आणि जिथवर बर्फ मळला असेल तिथवर तपकिरी रंगाचे दगड काढायचा. दगडाला मळ लागला तर दगड आणखी दगडासारखा दिसतो. मेहुणा खूश, गिऱ्हाईक खूश. बर्फ मात्र दरसाल वीतभर वर.

पहिल्याच साली गेली ती खालची दोन माणसं. लोकांचे बूट नेमके त्यांच्यावर पडायचे.

"मलाच आधी पुसलंत?" बायकोनं विचारलं.

"अगं, तुझ्यावर बूट पडत होते लोकांचे."

"मग मला पुसायचं, की लोकांना बूट काढायला सांगायचं?"

मेहुण्याच्या गिऱ्हाइकाला बूट काढा म्हणायची त्याची छाती नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. पण त्या दिवसापासून घरात मीठ जास्त पडण्यावरून जरी भांडण लागलं, तरी ते फिरून फिरून या बुटांपाशी यायचं.

वर्षं गेली. कॉम्प्युटर आला, आणि माणसांच्या मागे काय हवं ते मशीनच आणून ठेवायला लागलं. पडदा गुंडाळून दारामागे उभा राहिला. दुकानांच्या पाट्या छापील झाल्या, तेव्हा पेंटरचंही तेच झालं. आता तो बागेतली बाकं रंगवायचा आणि त्यावर 'रंग ओला आहे' असा पुठ्ठा लावायचा. बाकापेक्षा पुठ्ठ्यावरचं अक्षर बघण्यासारखं असायचं. मेहुणा त्याला दुकानात 'पेंटर' म्हणायचा आणि घरीही 'पेंटर'च म्हणायचा. बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणावं हे त्याच्या जिभेला कधी सुचलं नाही.

अशात एक दिवस स्टुडिओत कलासंग्रहालयाच्या बाई पासपोर्टचा फोटो काढायला आल्या. फोटो निघेपर्यंत त्यांनी भिंतीवर नजर टाकली. तिथं मेहुण्यानं नमुन्यादाखल दर सालातलं एक-एक जोडपं ओळीनं टांगलेलं होतं. बाई पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत गेल्या, परत पहिल्यापाशी आल्या, आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"हा बर्फ दरवर्षी मागे हटतोय," त्या म्हणाल्या. "कुणी केलं हे?"

मेहुण्याला वाटलं, तक्रार आहे. "आमच्या पेंटरचं काम आहे ते," तो घाईघाईनं म्हणाला. "माझा काही संबंध नाही."

हे वाक्य त्याला पुढे फार महागात पडलं.

बाई दुसऱ्याच दिवशी पेंटरच्या घरी. खुर्चीच्या टोकावर बसून त्या बोलायला लागल्या ते थांबेनातच. म्हणाल्या, जगभर हवामान बदलतंय, हिमनद्या आटतायत, त्यावर मोठमोठे चित्रकार आता कुठे चित्रं काढू लागले आहेत. आणि इथं एक माणूस कुणी सांगितलेलं नसताना, वर्षानुवर्षं, एकाच पडद्यावर, हिमनदी मागे हटताना दाखवतोय! पेंटर ऐकत होता. ज्याला तो आयुष्यभर बर्फ म्हणत आला ती हिमनदी आहे, हे त्याला त्या खुर्चीवरून कळलं.

"अहो, ते बूट..." एवढं तो म्हणालासुद्धा.

"तुम्ही कलावंत आहात," बाई म्हणाल्या.

झालं! बूट तिथंच अडकले. त्याला रंगारी म्हणणारे होते, पेंटर म्हणणारे होते, 'ए रंगवाल्या' अशी हाक मारणारेही होते. कलावंत पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं, आणि तेही घरात, बायकोच्या देखत. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आणि मग बाई म्हणाल्या की संग्रहालय याच विषयावर प्रदर्शन भरवतंय, पडदा त्यात लागेल, आणि त्यातल्या एका कलावंताला संग्रहालय खऱ्या हिमनदीपाशी पाठवणार आहे, नवं चित्र काढायला. सोबत घरचं एक माणूस नेता येईल. निवड समिती करेल, उद्घाटनाच्या दिवशी कलावंताचं बोलणं ऐकून.

ट्रेमधल्या कपांचा आवाज झाला.

बाई गेल्यावर ती पेटीपाशी गेली, लाल कोट काढला, झटकला, अंगात घालून पाहिला. बटणं आणि काजं एकमेकांना ओळख दाखवेनात. मग ती खिडकीपाशी बसून कोट उसवायला लागली.

"खोटं बोलायचं का गं मी?" पेंटरनं हळूच विचारलं.

"बोला की," दातांत दोरा धरून ती म्हणाली. "तुम्हाला काय नवीन आहे? लग्नाआधी नव्हतात बोलला?"

त्याला ते लागलं. चांगलंच लागलं. पण तिचे हात थांबले नव्हते, आणि उसवलेल्या कोटाकडे बघून त्यानं मनाशी ठरवलं की यावेळी हिला बर्फ दाखवायचाच. त्यासाठी हवं तेवढं खोटं बोलू.

इथपर्यंत ठीक होतं. पण खोटं बोलायचं म्हणून तो जी तयारी करायला बसला, त्या तयारीनं त्याचं डोकं फिरलं. वाचनालयातून त्यानं पुस्तकं आणली. चहाच्या टपरीवर 'माझा हिमनद्यांचा अभ्यास' अशी वाक्यं टाकू लागला. बाकं रंगवताना मधेच थांबून डोंगराकडे बघावं तसा समोरच्या इमारतीकडे बघायचा. बाईंनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलंच होतं, हा आता शेंड्यावर जाऊन बसला.

"मला आतून जाणवायचं गं," तो एकदा जेवताना म्हणाला. "बर्फ जातोय, असं आतून."

"आतून नाही," बायको म्हणाली. "खालून. आमटी घ्या."

तिकडे मेहुण्याच्या पोटात दुखायला लागलं होतं. पडदा त्याचा, स्टुडिओ त्याचा, फोटो त्याचे, आणि निमंत्रणावर मोठ्या अक्षरात नाव पेंटरचं! स्टुडिओचा उल्लेख कुठे आहे ते शोधायला त्याला चष्मा लावावा लागला.

उद्घाटनाचा दिवस आला. पृथ्वी कशी तापते आहे हे सांगणाऱ्या त्या दालनात एसी इतका लावला होता की पाहुणे हात चोळत चित्रं बघत होते. सगळ्या सभागृहात सुखात एकच बाई होती, पेंटरची बायको, लाल कोटात. ती पहिल्या रांगेत बसली होती. मागच्या भिंतीवर तो पडदा, त्यावर झोतदिवे, आणि बाजूला ओळीनं ती सगळी जोडपी. पहिल्या नवरीच्या खांद्यापलीकडे बर्फच बर्फ. शेवटच्या नवरीच्या डोक्यावर तो एवढासा उरलेला, बाकी दगड.

पेंटर बोलायला उभा राहिला आणि सुटला. म्हणाला, दरवर्षी पडद्यासमोर उभा राहिलो की छातीत कळ यायची. हात आपोआप तपकिरी रंगाकडे जायचा. कुणीतरी आतून सांगायचं, गेला बरं, आणखी थोडा गेला. समितीतले एक दाढीवाले गृहस्थ मान डोलवत होते. बाईंनी रुमाल काढला होता. बायको कोटाच्या बटणाशी चाळा करत छताकडे बघत होती.

आणि मेहुणा उठून उभा राहिला.

"बूट!" तो ओरडला. "बूट लागायचे हो गिऱ्हाइकांचे! बर्फ मळायचा म्हणून दगड मारायचा हा वरून! कसली कळ आणि कसली छाती! जन्मात बर्फ बघितला नाही यानं, माझ्या फ्रीजवरून काढलाय!"

पेंटरनं बायकोकडे बघितलं. तिचा हात बटणावर होता, आणि तिनं ते बटण काढलं, मग त्याच्याखालचं काढलं. कोट उतरवून ठेवण्याआधी माणूस करतं तसं. कलावंतपणा गेला त्याचं पेंटरला तेवढं वाटलं नाही. पण इतकी वर्षं पेटीत राहिलेला तो कोट पुन्हा पेटीत जाणार, आणि तेही आपल्या फुशारकीपायी, हे त्याला सहन होईना.

"खरं आहे," तो म्हणाला. "बूटच होते. पांढऱ्यावर पांढरं ठिगळ लागत नाही, म्हणून दगड काढायचो. मला काहीसुद्धा जाणवायचं नाही." मग पडद्याच्या खालच्या टोकाकडे बोट करून म्हणाला, "खाली माझी बायको होती. लाल कोटातली. सगळ्यात आधी ती पुसली. लोकांना बूट काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही."

तो खाली उतरायला वळला. तेवढ्यात बाई ताडकन उभ्या राहिल्या. डोळे भरलेले, आवाज चढलेला.

"ऐकलंत?" त्या सभागृहाला म्हणाल्या. "माणसांच्या पायांनी हिमनदी मागे हटली! आनंदानं उभे राहिलो आपण तिथं, फोटो काढले, आणि थांबा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. याहून खरं काय असतं?"

दाढीवाले गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. मेहुणा उभाच्या उभा. बसावं की उभं राहावं, त्याला कळेना. आजूबाजूचे सगळे वाजवतायत म्हटल्यावर त्यानंही टाळ्या वाजवल्या, आणि चहापानाला तो घोळक्यात सांगत होता, "बूट आमच्याच स्टुडिओतले. आमचे भाऊजी आहेत ते."

पेंटरला मात्र काय चाललंय ते उमगेना. खोटं बोललो तेव्हा माना डोलल्या, खरं बोललो तर टाळ्या! त्यानं बायकोकडे बघितलं. ती काढलेली बटणं पुन्हा लावत होती.

समितीनं पेंटरलाच निवडलं, आणि ती दोघं हिमनदी बघायला निघाली. आधी गाडी, मग बस, मग घाटातली वळणं, प्रत्येक वळणाला बायकोची मळमळ. पण तिनं हूं की चूं केलं नाही. बस शेवटच्या थांब्यावर लागली तेव्हा ऊन असं रणरणत होतं की बाकीच्या प्रवाशांनी अंगातले जाड कपडे काढून कमरेला बांधले. तिनं कोट घातला. कपाळावरून घाम निथळत होता, तरी घातला. वरपर्यंत बटणं लावली आणि म्हणाली, "चला."

कठड्यापाशी जाऊन दोघं उभी राहिली.

समोर दोन काळपट डोंगर होते. वर निळं आभाळ होतं. आणि मधे, वरपासून थेट पायापर्यंत, तपकिरी दगड. नुसते दगड, चिखल, आणि त्यातून वाहणारी पाण्याची बारीक धार. फार वर, मान मोडेपर्यंत वर बघितलं तर, मळकट पांढरा एक तुकडा होता. वाटाड्या म्हणाला, उरलेला वितळू नये म्हणून त्याच्यावरही जागोजागी कापडं पांघरली आहेत. खाली कठड्याला एक पाटी होती: एके काळी बर्फ इथं, तुम्ही उभे आहात तिथवर, होता.

बायकोनं कठड्याला धरून वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "अहो, अगदी तुमच्या पडद्यासारखंच आहे हो."

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. ती खरंच चकित झाली होती. पण पेंटरला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपलं चित्र हुबेहूब उतरायला नको होतं. त्याचे डोळे भरून आले. "उशीर केला गं मी," तो म्हणाला. "फार उशीर केला."

"रडू नका. लोक बघतायत," ती म्हणाली, आणि कोटाच्या बाहीनं स्वतःचेच डोळे पुसले. "चहा घेऊ चला."

टपरीच्या शेजारी रांग लागली होती. ही कसली रांग म्हणून दोघं पुढे झाली, आणि बघतात तो काय, फोटोवाला! मागे लाकडी चौकटीवर भलामोठा छापील पडदा ताणलेला. त्यावर तेच दोन डोंगर, तेच आभाळ, आणि मधून थेट जमिनीपर्यंत उतरलेला पांढराशुभ्र बर्फ, पूर्वी होता तसा. एवढ्या लांबून खरा बर्फ बघायला आलेली माणसं खऱ्याकडे पाठ करून, घाम पुसत, या पडद्यापुढे उभी राहत होती. पेंटरला हसावं की रडावं कळेना. बायकोनं तोवर रांगेत नंबर लावला होता.

त्यांची पाळी आली. पेंटरची नजर सवयीनं खाली गेली. पडद्याचं खालचं टोक जमिनीवर पसरलेलं होतं, आणि तिथला बर्फ बुटांनी काळा कुळकुळीत झाला होता.

"खाली मळलाय," तो म्हणाला.

"मळतोच हो," फोटोवाला कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला. "पुढच्या मोसमात नवा छापतोय. खाली दगड टाकून घेणार आहे, म्हणजे कटकट नको. या, उभे राहा बर्फावर."

पेंटर जागचा हलेना. मागे रांग खोळंबली, कुणीतरी घसा खाकरला. तो वाकला. गुडघे कुरकुरत होते, तरी खाली बसला, नाड्या सोडल्या, बूट काढले, आणि ते पडद्याच्या बाहेर, मातीत, नीट जोडीनं ठेवले. मग रांगेकडे वळून, मेहुण्यासमोर कधीही निघाला नव्हता अशा आवाजात म्हणाला, "बूट काढून या सगळ्यांनी."

रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं हसून मोबाइल काढला. बूट कुणीच काढले नाहीत.

त्याच्या बायकोनं काढले. एका हातानं त्याचा खांदा धरून तिनं एकेक पाऊल सोडवलं, आपले बूट त्याच्या बुटांशेजारी ठेवले, आणि लाल कोट सारखा करत, अनवाणी, ती त्या मळक्या बर्फाच्या पायथ्याशी जाऊन त्याच्या बाजूला उभी राहिली.

"आत्ता सुचलं होय?" ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

"बरं. आता इकडे बघू नका, समोर बघा. फोटो काढतोय तो."